हॉल, बेडरूम की गच्चीवरची खोली: होम थिएटर नक्की कुठे करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की नाशिकला रो हाऊस आहे, होम थिएटर करायचंय, बजेट सगळं धरून चार लाख, आणि खोल्या तीन. खाली हॉल २२ बाय १३ चा, पण डायनिंग आणि जिना दोन्ही त्याला उघडे. पहिल्या मजल्यावर १२ बाय १२ ची बेडरूम, तिची एक भिंत शेजाऱ्यांबरोबर कॉमन. आणि गच्चीवर १६ बाय ११ ची स्लॅबची खोली, जिच्यात सध्या जुने पंखे, सायकल आणि गणपतीचं मखर ठेवलंय. उंची सगळीकडे साडेनऊ फूट. बायको म्हणते हॉल, इंटिरियरवाला म्हणतो बेडरूम, आणि मुलगा म्हणतो गच्ची.

मी मुलाच्या बाजूने आहे. पण अटी आहेत आणि त्या नीट वाचा, कारण गच्चीवरची खोली चुकली तर तिन्हीत सगळ्यात वाईट तीच निघते.

मी हेच काम करतो, पुण्यात राहतो पण कामं नाशिक, कोल्हापूर, ठाणे सगळीकडे केलीत, अठरा-एकोणीस वर्षं झाली. लोक मला बोलावतात तेव्हा खिशातनं टेप काढून आधी लांबी-रुंदी सांगायला लागतात. मी म्हणतो टेप ठेवा बाजूला, आधी मला सांगा रात्री साडेनऊ-दहाला तुमच्या घरात कोण कुठे असतं. आई-बाबा किती वाजता झोपतात, मुलाची दहावी-बारावी आहे का, शेजारच्यांकडे तान्हं बाळ आहे का. कारण तुम्ही सिनेमा बघणार कधी, तर जेवणं उरकल्यावर. शनिवारी दुपारी बघू असं सगळे म्हणतात, आणि शनिवारी दुपारी पाहुणे येतात नाहीतर इलेक्ट्रिशियन येतो. तर रात्री दहाला ज्या खोलीत आवाज मोकळेपणी वाढवता येतो ती तुमची खोली, बाकी सगळं त्यानंतर. चार-चार लाखांच्या सिस्टीम मी अशा बघितल्यात की ज्या आयुष्यभर २५ नंबरच्या व्हॉल्युमवर चालल्या, कारण भिंतीपलीकडे आजी झोपलेली.

या हिशोबाने तुमचा हॉल बघा. आकाराने तो चांगलाच आहे हो, २२ बाय १३ म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण छान. पण तो खोली नाहीये, तो चौक आहे. एका बाजूला डायनिंग, मागे किचन, आणि जिना म्हणजे तर आवाजासाठी धुराडंच, खालचा सगळा बास वरच्या बेडरूमच्या दारापर्यंत बिनखर्चात पोचवतो. आणि उलटही तेवढंच खरं, म्हणजे सिनेमात हिरो मरतोय आणि किचनमधून कुकरची तिसरी शिट्टी. ठाण्याला एका घरी मी हॉलमध्ये सात स्पीकर लावून दिले होते, सहा महिन्यांनी गेलो तर मागचे दोन स्पीकर फ्लॉवरपॉट ठेवायच्या कामी आलेले आणि सिरियल टीव्हीच्याच स्पीकरवर चाललेली, कारण रिसीव्हर चालू करणं कोणाला जमत नव्हतं आणि रात्री लावायची सोय नव्हती.

दुसरं म्हणजे हवा. सबवूफर, म्हणजे नुसता बास वाजवणारा मोठा स्पीकर, ज्याला आम्ही सब म्हणतो, तो खोलीतली हवा हलवतो. गच्चीची खोली १६ गुणिले ११ गुणिले साडेनऊ, म्हणजे जवळपास १६७० घनफूट. तुमचा हॉलच एकटा २७०० च्या वर, त्यात डायनिंग आणि जिना मिळवा, कुठच्या कुठे जातो आकडा. वर जो १० इंची सब छातीत धडकी भरवेल तोच खाली नुसता गुणगुणेल, मग तुम्ही दुसरा सब घ्याल, मग मोठा ॲम्प, आणि बजेट गेलं. प्रकाशाचंही तेच. पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, पांढरं पीओपी, त्यात प्रोजेक्टर लावला तर संध्याकाळी सातपर्यंत काळ्या रंगाच्या जागी राखाडी दिसणार, आणि पडदे लावून अंधार केला तरी पडद्यावरचा उजेडच पांढऱ्या छताला आपटून परत पडद्यावर येतो. हॉलला काळपट रंग द्यायला तुमच्या घरातून परवानगी मिळणार नाही हे मी न बघताच सांगतो.

तरी हॉल पूर्ण बाद करू नका. त्याबद्दल शेवटी बोलतो, कारण आई-बाबांचा मुद्दा आहे तिथे.

आता बेडरूम. इंटिरियरवाल्याने ती का सुचवली मला माहिती आहे, चौकोनी खोलीत सगळं सिमेट्रिकल दिसतं आणि थ्रीडी रेंडर झकास येतं. पण आवाजासाठी चौरस खोली ही डोकेदुखी, आणि यात मतभेदाला जागा नाही, साधं गणित आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ११३० फूट. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या आवाजाची बरोबर अर्धी लाट बसते तो आवाज त्या खोलीत अडकून घुमत राहतो. काढायची पद्धत सोपी, ५६५ ला फुटांतल्या लांबीने भागा. १२ फुटाला येतात ४७ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४७ लाटा. आता तुमची रुंदीही १२, म्हणजे तिकडेही ४७. दोन्हीकडून एकच सूर घुमतो, एकावर एक चढतो. त्याच्या दुप्पट ९४, तोही दोन्हीकडून. ऐकताना काय होतं तर ढोल असो, स्फोट असो की बास गिटार, सगळं एकाच सुरात ‘ढुम्म ढुम्म’ येतं आणि मधले सूर गायब. आणि गंमत म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तोच ४७ जवळपास ऐकूच येत नाही, मागच्या भिंतीला टेकून बसलात तर डोकं उठतं. १२ फुटांच्या खोलीत सोफा एकतर मध्यावर येतो नाहीतर भिंतीला, तिसरी जागाच कुठेय.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. माझं स्वतःचं पहिलं थिएटर चिंचवडच्या फ्लॅटमध्ये १० बाय १० च्या खोलीत होतं, उंची साडेनऊ. म्हणजे ५६, ५६ आणि ५९ हर्ट्झ, तिन्ही एकाच गल्लीत! जवळपास क्यूबच. मी दोन वर्षं सब बदलत राहिलो, तीन बदलले, प्रत्येक वेळी वाटायचं कंपनी चुकली. मग एकदा घर बदललं आणि तोच तिसरा सब नव्या घरात १५ बाय ११ मध्ये ठेवला तर काय सुंदर वाजला राव. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी खोली विचारतो, कंपनी नंतर. इक्वलायझर लावून ठीक होईल असं विकणारे सांगतात, त्यात अर्धं सत्य आहे, इक्वलायझर उंचवटा कापू शकतो पण जिथे आवाज कटून खड्डा पडलाय तिथे कितीही पॉवर ओता, खड्डा भरत नाही.

बेडरूमचं दुसरं म्हणजे ती कॉमन भिंत. रो हाऊसमध्ये ती भिंत ९ इंची विटांची आहे की नाही हे आधी बघा, बऱ्याच ठिकाणी बिल्डरने साडेचारच टाकलेली असते किंवा हल्ली हलके ब्लॉक. भिंतीने आवाज अडवायला मुख्यतः वजन लागतं. दोन्हीकडून प्लास्टर केलेली ९ इंची विटांची भिंत बोलण्याच्या पट्ट्यात साधारण ५० डेसिबल अडवते, साडेचार इंची ४०-४५, आणि बासच्या बाबतीत दोघीही याहून पुष्कळ कमी. आता हिशोब करा. थिएटरचा पूर्ण रेफरन्स लेव्हल, म्हणजे सिनेमागृहासाठी ठरलेला आवाज, हा एकेका स्पीकरला १०५ डेसिबलपर्यंत आणि सबच्या चॅनलला ११५ पर्यंत शिखरं. घरात तेवढं कोणी लावत नाही, आपण १०-१५ ने खालीच असतो, तरी ९०-९५ झालेच की. त्यातून ४५ वजा केले तर शेजारी ४५-५० पोचले, आणि बास तर त्याहून जास्त. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री १० ते सकाळी ६ मर्यादाच ४५ डेसिबलची आहे. कायदा सोडा, रोज सकाळी दूध आणताना त्यांचंच तोंड बघायचंय. आणि बेडरूममधला फिटेड वॉर्डरोब, त्याचे शटर प्रत्येक बासला थरथरतात ते वेगळंच, एकदा तो ‘टर्रर्र’ ऐकू यायला लागला की मग सिनेमात दुसरं काही ऐकूच येत नाही.

लोक मला विचारतात फोम लावू का भिंतीला. नका लावू, म्हणजे आवाज अडवायला म्हणून नका लावू. फोम, अंड्याचे ट्रे, ते कार्पेटसारखे पॅनल, हे सगळं खोलीच्या आतला घुमारा थोडा कमी करतात, बाहेर जाणारा आवाज अडवत नाहीत. ओलं फडकं आणि बादली, इतका फरक आहे दोन्हीत.

तर राहिली गच्ची. १६, ११ आणि साडेनऊ. गणित करा, ३५, ५१ आणि ५९ हर्ट्झ. वेगवेगळे सूर, पसरलेले. ५१ आणि ५९ थोडे जवळ आहेत पण चालतं, परफेक्ट खोली मी अजून कुणाच्याच घरी बघितली नाही. चारी बाजूंनी मोकळी, शेजाऱ्याची भिंत चिकटलेली नाही. खिडकी छोटी, अंधार करायला सोपी. भिंतींना गडद मॅट रंग दिला तर कुणाचं काही म्हणणं नाही, कारण ती अडगळच होती.

पडदा लहान भिंतीवर, म्हणजे ११ फुटांच्या. १०० इंची पडदा साडेसात फुटांच्या आतच बसतो, ७ फूट ३ इंच रुंदी आणि ४ फूट १ इंच उंची, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट स्पीकरला उरले. बसायची जागा अशी की तुमचे कान पडद्याच्या भिंतीपासून ११ फुटांवर आणि मागे ५ फूट मोकळे. एवढ्यावरून १०० इंची पडदा डोळ्यांना साधारण ३६ अंशांत दिसतो, जे मस्त आहे. ११० इंची घेतला तर ४० अंश होतात, तेही चालतं पण मग स्पीकर भिंतीला चिकटतात, मी नाही घेणार. मागे ५ फूट मोकळे ठेवले की मागचे स्पीकर कानात ओरडत नाहीत, बासही सुसह्य राहतो. आता तुमच्या मनात आलं असेल की ५ फूट जागा वाया, तिथे दुसरी रांग टाकू. नका. दुसरी रांग म्हणजे खाली एक फुटाचा चौथरा, त्यावरच्या माणसाचं डोकं मागच्या भिंतीला, आणि सगळ्यात वाईट आवाज त्यालाच. पाहुणे आले की पुढे सतरंजी टाका, पोरं खालीच बसतात आणि त्यांना तेच आवडतं.

पेपर-पेन्सिलीवर विश्वास ठेवू नका, रविवारी करून बघा. जुन्या पेपरची पानं चिकटवून भिंतीवर ७ फूट ३ बाय ४ फूट १ चा चौकोन बनवा, ११ फुटांवर प्लास्टिकची खुर्ची टाका आणि घरातल्या सगळ्यांना आळीपाळीने बसवा. कोण म्हणतं मान फिरवावी लागते, कोण म्हणतं लहान वाटतं, तिथल्या तिथे कळतं. हेच बेडरूममध्येही करा म्हणजे इंटिरियरवाल्याशी वाद घालावा लागणार नाही, तिथे ८ फुटांवर बसून १०० इंची चौकोन बघितला की आपोआप कळेल की त्या खोलीत ८५ इंचाच्या पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता अटी, आणि यात मी वेळ घेणार आहे कारण गच्चीवरच्या खोल्या इथेच फसतात.

पहिली गोष्ट पाणी. तुमच्या डोक्यावर थेट आभाळ आहे. मागच्या पावसाळ्यात छताला ओल आली होती का, कोपऱ्यात पिवळे डाग, पापुद्रे, काहीही असेल तर आधी वॉटरप्रूफिंग. वरचा ब्रिकबॅट कोबा तडकलाय का बघा, पाणी जायचा उतार आणि पाइपाचं तोंड बघा, आणि काम करून घेतल्यावर वर बांध घालून पाणी भरून दोन दिवस ठेवा. मगच आत फॉल्स सीलिंग. उलटं केलं तर काय होतं ते मी कोल्हापूरला बघितलंय, कंत्राटदाराने घाईत आधी आतलं काम उरकलं, आणि जुलैत कापडाच्या पॅनलवर काळी बुरशी, प्रोजेक्टरच्या वायरीवरून थेंब. माणूस रडायच्या बेतात होता. तुम्ही आत्ता ठरवताय तर एक अख्खा पावसाळा त्या खोलीकडे नुसतं बघण्यात घालवलात तरी माझ्या मते तो वाया नाही.

तुमची स्लॅब आहे हे नशीब. पत्रा असता तर मी एका ओळीत नाही म्हणून मोकळा झालो असतो. साताऱ्याकडे एकांनी पत्र्याच्या शेडमध्ये केलं होतं, खाली पफ पॅनल, त्याखाली जिप्सम, सगळं करून. उन्हाळ्यात आम्ही सगळे खूश. पहिला वळीव झाला आणि त्यांचा फोन आला, मी फोनवर नुसता पाऊसच ऐकला, ते काय बोलत होते ते ऐकूच आलं नाही.

दुसरं ऊन. नाशिकचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगणार. दिवसभर तापलेली स्लॅब रात्री अकरापर्यंत आत उष्णता सोडत राहते, बरोबर तुमच्या सिनेमाच्या वेळेला. त्यात बंद खोली, चार-पाच माणसं म्हणजे माणशी शंभरेक वॅट, प्रोजेक्टर दोन-तीनशे, ॲम्प वेगळा. त्यामुळे वरून पांढरा उष्णता परतवणारा कोट किंवा चायना मोझॅक, आणि आत दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. एक टनात भागेल म्हणणारा माणूस मे महिन्यात वर आलेला नसतो. एसीचं इनडोअर युनिट बसणाऱ्यांच्या डोक्यावर नको, बाजूच्या भिंतीवर पुढच्या भागात घ्या, हळू सीनमध्ये त्याची घरघर फार बोचते. आणि आउटडोअर युनिट शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नको, नाहीतर थिएटरचा आवाज अडवून एसीच्या आवाजाचं भांडण व्हायचं.

तिसरं म्हणजे भोकं. गच्चीच्या खोलीला बहुतेक लोखंडी पत्र्याचं दार असतं आणि खाली अर्धा-पाऊण इंच फट. आवाजाच्या बाबतीत नियम फार कडक आहे, अडवणाऱ्या भागाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तर बाकीचं कितीही भक्कम असो, २० डेसिबलच्या वर अडवणूक मिळतच नाही. ३ बाय ७ च्या दाराखाली अर्धा इंच फट म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वरच झाली. त्यामुळे महागडे पॅनल नंतर, आधी भरीव फ्लश डोअर, चौकटीला चारी बाजूंनी रबरी गॅस्केट, खाली उंबरा किंवा दार मिटल्यावर खाली उतरणारी पट्टी. आपल्याकडे पूर्वी उंबरा होताच की, हल्लीच्या फ्लॅटवाल्यांनी काढून टाकला. ॲल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी असेल तर ती आवाजासाठी जाळीच समजा, ती तशीच ठेवून आतून दुसरी बिजागरीची, जाड काचेची बसवा. खिडकी विटांनी बुजवू नका, पावसाळ्यानंतर खोली उघडून वारा द्यावा लागतो.

खाली काय आहे? मुलाची खोली का तुमची? भिंती मोकळ्या असल्या तरी जमीन कुणाचं तरी छत आहे. सब थेट टाइल्सवर ठेवला तर कंप स्लॅबमधून खाली जातो, म्हणून सबखाली जाड रबर किंवा दाट फोमचा चौथरा, आणि अख्ख्या जमिनीवर गालिचा. पूर्ण नाही थांबत, पण ‘वर ट्रॅक्टर चालू आहे’ वरून ‘वर काहीतरी चालू आहे’ इथपर्यंत येतं. खाली आई-बाबांची खोली असेल तर मात्र मला परत सांगा, मग सबची जागा त्यांच्या पलंगावर येणार नाही असं बघून ठरवावं लागेल.

टाकी आणि पंपाचाही विचार करा. बऱ्याच घरांत पाण्याची टाकी गच्चीच्या खोलीच्याच डोक्यावर असते, पाणी चढताना धबधबा. रात्री अकरा वाजता वर जा, दिवे-पंखे बंद करा आणि दहा मिनिटं नुसतं बसा. काय काय ऐकू येतं लिहून काढा. कुत्री, हायवे, पलीकडच्या मंगल कार्यालयाचा बँड, टाकी. हे दहा मिनिटांचं काम तिन्ही खोल्यांत करा. मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप अचूक नसतं पण तिन्हींची तुलना करायला पुरतं.

वर गेल्यावर टाळी वाजवली तर ‘झिंग’ असा लांबलेला आवाज येईल, त्याने घाबरू नका. रिकाम्या प्लास्टरच्या खोलीत तो येणारच. चांगल्या छोट्या थिएटरमध्ये आवाज विरायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, तुमच्या रिकाम्या खोलीत दोन-तीन सेकंद लागत असतील, पण सोफा, गालिचा, पडदे आले की निम्मं काम होतं. पॅनल विकत घेण्याआधी घरातल्या कापसाच्या गाद्या वर न्या, दोन मागच्या कोपऱ्यांत उभ्या करा, दोन बाजूच्या भिंतींना, आणि परत टाळी वाजवा. गाद्या-वाकळांनी खोली किती बदलते ते ऐकून मग ठरवा पॅनल किती हवेत. बासवर मात्र दोन इंची गादीचा किंवा दोन इंची पॅनलचा काही परिणाम नाही, ५० हर्ट्झची लाट बावीस फुटांहून लांब असते, तिला दोन इंच म्हणजे काहीच नाही. बाससाठी खोलीचा आकार आणि सबची जागा हीच औषधं, म्हणून तर एवढं आकारावर बोललो.

जमलं तर कुणा मित्राचा सब एका संध्याकाळसाठी मागून आणा. तिन्ही खोल्यांत एकच गाणं, एकच सीन, सारख्याच व्हॉल्युमला लावा, आणि एकाला शेजाऱ्यांकडे चहाला पाठवा. तो परत येऊन जे सांगेल ते माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा जास्त कामाचं.

वायरिंगबद्दल पटकन. खालच्या डीबीपासून, म्हणजे विजेच्या मुख्य बोर्डापासून गच्चीसाठी वेगळी लाइन, ४ स्क्वेअर मिमीची वायर, अर्थिंग तपासून घ्या, आणि भिंतीत रिकामा दीड-दोन इंची पाइप टाकून ठेवा म्हणजे पुढे वायर बदलता येते. प्रोजेक्टरपर्यंत लांब एचडीएमआय जाणार असेल तर ऑप्टिकल घ्या. आणि खोली मंजूर नकाशात आहे का तेवढं बघा, नसेल तर त्यात लाखभर रुपये बांधून टाकण्याआधी विचार करा.

पैशांचं म्हणाल तर चार लाखांतला एक लाख खोलीसाठी बाजूला काढा, वॉटरप्रूफिंग, दार, एसीची लाइन, गालिचा. तेवढ्याने तुमचे स्पीकर एका पायरीने खाली येतील. येऊ द्या. चांगल्या खोलीतला मध्यम स्पीकर वाईट खोलीतल्या महागड्याला मागे टाकतो हे मी गिऱ्हाइकांना डोळ्यांवर पट्टी बांधून ऐकवलंय. ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येतो ती पद्धत, वगैरे पाहिजेच असेल तर साडेनऊ फूट उंचीत छताचे दोन स्पीकर सहज होतात, पण फॉल्स सीलिंगने अर्धा-पाऊण फूट खाल्ला तर ते डोक्याच्या फार जवळ येतात, तेव्हा सीलिंग कमीत कमी उतरवा. सुरुवातीला नुसतं ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब, करा आणि छतातून वायरी सोडून ठेवा, स्पीकर पुढच्या दिवाळीला.

आता आई-बाबा. तुम्ही लिहिलंय की बाबांना गुडघ्याचा त्रास आहे. मग गच्चीवरचं थिएटर त्यांच्यासाठी नाहीच, हे आधीच मान्य करा, नाहीतर पहिल्या महिन्यात त्यांना कौतुकाने वर न्याल आणि नंतर ते जिने बघून ‘तुम्ही बघा रे’ म्हणतील. म्हणून हॉलमधला ६५ इंची टीव्ही तिथेच राहू दे आणि त्याला एक बरा साउंडबार लावा, ज्यात संवाद स्पष्ट करायचं बटण असेल. बाबांना नाटकांची रेकॉर्डिंग बघायला आवडतात म्हणालात, त्यांना बास नकोय, शब्द हवेत. बायकोचं हॉलचं म्हणणंही यात निम्मं पूर्ण होतं.

आता दोन मापं पाठवा. पहिलं, गच्चीच्या खोलीत मध्ये आडवी बीम आहे का, असेल तर पडद्याच्या भिंतीपासून किती फुटांवर आणि जमिनीपासून किती उंच. प्रोजेक्टर साधारण ९ ते ११ फुटांवर टांगला जाईल, बीम त्याच्या पुढे आली तर पडद्याच्या वरच्या भागावर सावली पडते, मग ब्रॅकेट खाली सोडावा लागतो किंवा पडद्याची भिंतच उलट्या बाजूला घ्यावी लागते. आणि दुसरं, गच्चीच्या जिन्याची रुंदी आणि वळणावरची जागा. रिक्लायनर एकेक जवळपास तीन फूट रुंद असतो, आणि तो वर चढला नाही म्हणून दोरीने बाहेरून ओढून गच्चीवर घेतल्याचे दोन प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर झालेत, एकदा तर अर्ध्यावर दोर अडकला आणि खाली सगळी गल्ली जमा. मापं येईपर्यंत सोफ्याचा ॲडव्हान्स देऊ नका.